दुपारच्या रेडिओवरचा निरोप

उन्हाळी कुरण, ४ मे

चि. नेलिदास,
अनेक आशीर्वाद. उन्हाळा सरला, जूनमधला हिवाळा तोंडावर आला; शेळ्या खाली न्यायची वेळ झाली. पुढच्या आठवड्यात नेहमीसारखा घळीतून उतरतो. बर्फ यंदा लवकर पडला, पण जेमतेम घोट्याएवढा. वर वाऱ्याने आणून टाकलेली थोडी भर. एवढ्याला घाबरायचं तर मी शेळ्या सोडून कोंबड्याच पाळाव्यात. तू येणार म्हणून एक करडू राखलं आहे. आई घरी वाट बघते आहे.
तुझं भलं चिंतणारा,
बेलिसारियो

रस्ता चौकी, ७ मे

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार वि. वि. तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. विद्यापीठात मी हेच शिकले, चौकीत बर्फ तपासायचं कामही हेच, म्हणून ऐका. एप्रिलमधला पहिला बर्फ कोरड्या थंडीत पडून राहून साखरेसारखा सुटा झाला आहे. त्यावर वाऱ्याने घट्ट थर आणून बसवला. काल घळीसारख्याच सावलीच्या उतारावर खड्डा खणला. फावड्याने नुसतं थोपटलं, तर वरची लादी घसरून माझ्या पायांवर आली. बर्फ कमी आहे म्हणूनच तळ इतका कच्चा आहे. खालून कळप चालला तरी वरच्या उतारावरचा बर्फ सुटू शकतो.
नदीच्या वाटेने या. लांब पडेल, करडं थकतील, ठाऊक आहे मला. पत्र वेळेत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून दुपारी डोंगरातल्या माणसांचे निरोप वाचतात त्या रेडिओवरही सांगून ठेवलं आहे. रागवा हवं तर, पण नदीने या.
तुमच्या रागालाही लाडच समजणारी,
नेलिदा

घर, २० मे

चि. नेलिदास,
आशीर्वाद. नदीने आलो. न येऊन करतो काय? बेलिसारियो रेतामालने घळीत पाय ठेवू नये, ठेवला तर लेक हिवाळ्यात घरी येणार नाही, हे साऱ्या खोऱ्याने जेवता जेवता ऐकलं. वाटेत भेटेल तो विचारायचा, काय हो बेलिसारियो, पाणी प्यायला तरी परवानगी आहे ना लेकीची. शेजारचा फ्रोइलान सगळ्यांत जास्त हसला, आणि मुकाट्याने आपलाही कळप नदीकडे वळवला.
नदी ओलांडताना चार करडं पाण्यात वाहून गेली. तुझ्यासाठी राखलेलं त्यांतच होतं. घळीतला बर्फ मात्र अजून जागच्या जागी आहे. फ्रोइलान म्हणतो, बर्फानेही रेडिओ ऐकला असेल.
घरी येईपर्यंत तुझ्यावर धुमसत होतो. मग चुलीशी पाय शेकताना वाटलं, घळीत तू असतीस आणि चौकीत मी, तर मी त्या रेडिओवाल्याच्या छातीवरच बसलो असतो.
रविवारी दुपारी रेडिओ लाव.
बाप

रस्ता चौकी, २५ मे

ती. बाबांना,
नमस्कार वि. वि. रेडिओ लावला होता. चौकीतले सगळे जेवत होते. निवेदकाने वाचलं की नेलिदा रेतामालला कळवण्यात येतं, बाप स्वतःच्या पायांनी घरी पोचला आहे आणि पुढच्या वर्षी उतरण्याआधी वाट विचारील. कोणी हसलं नाही. मुकादमाने कडू चहाचं माते भरून आधी माझ्या हातात दिलं.
करडांचं वाईट वाटतं. पुढच्या वर्षीही मला छातीठोक सांगता येणार नाही. खणून जे दिसेल तेवढंच सांगेन. आईला म्हणावं, करडू नको, बटाट्याचं कालवण पुरे.
शनिवारी येते. नदीच्या वाटेने.
तुमची,
नेलिदा