अर्ध्या तासात येते

७ जानेवारी, मंगळवार

खोली लागली. राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून बेकरीचं पत्र्याचं छत दिसतं आणि सकाळी सहाला खारीचा वास येतो. पहिलं सत्र बिद्रीहून एसटीनं ये-जा करून काढलं. पाठ धरायला लागली तेव्हा विजयसिंहच म्हणाले, खोली घे. त्यांचा साखर कारखाना ऐन गळितात आहे, म्हणून सामान लावायला ते आले नाहीत. पण आमच्या लेकीची, मोनाची स्कूटी टेम्पोत घालून पाठवली, टाकी भरून.

त्रेचाळिसाव्या वर्षी एमबीए. वर्गात सगळे काकू म्हणतात. यशराज तर रोज गळ घालतो, काकू माझी बी हजेरी लावा की, तुमच्याकडं बघून सर काय बोलत न्हाईत. प्रवेश परीक्षा मी मोनाच्या पुस्तकांवर दिली. तिनं पेन्सिलीनं केलेल्या खुणा होत्या, तेवढंच वाचलं आणि पास झाले.

आज कृष्णात सरांनी करिअर कक्षाची बैठक घेतली. प्रत्येकानं वीस तास स्वयंसेवा करायची. प्रमाणपत्र मिळेल, आणि ज्यांचे अहवाल चांगले असतील त्या पाचजणांना कंपन्यांच्या माणसांसमोर बोलायला मिळेल. यादीत झाडं लावणं, शाळेत संगणक शिकवणं आणि अगदी शेवटी 'सोबत' होतं, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ त्याच्या घरी जाऊन बसायचं. यशराजनं झाडं घेतली. ती उलटून बोलत न्हाईत म्हणाला. मी सोबत लिहिलं. शेवटच्या वेळी मी मोनाजवळ नव्हते. कुणाच्या तरी जवळ बसावं, एवढंच वाटलं.

खोलीत नवा बल्ब लावलाय. छान उजेड पडतो.

१० जानेवारी, शुक्रवार

सोबतचं काम अक्षता बघते. तिशीच्या आतली, नर्सिंग झालेली, बोलायला सरळ. तिनं सकाळी नियम सांगितले. रुग्णाला खायला घालायचं नाही, औषधाला हात लावायचा नाही, आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही. मी म्हटलं, मग काय जाते म्हणू? आपल्यात कुणाच्या दारातून असं म्हणून निघतं का कोणी? ती म्हणाली, जातेही म्हणू नका, नुसता वार आणि वेळ सांगा. येते म्हटलं की ही माणसं दाराकडं डोळे लावून पडतात. जेवत नाहीत. धरून ठेवायला त्यांच्याजवळ दुसरं असतं काय.

घर गडमुडशिंगीत आहे. शालूबाई, वय एकोणऐंशी. दीड वर्षापूर्वी झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मुलगी आक्काताई त्यांचं सगळं करते. पन्नाशीची, लग्न मोडून माहेरी आलेली, दोन म्हशी आणि मोठा आवाज. दारातच म्हणाली, या पावणं, कालेजातनं म्हणल्यावर मला वाटलं एखादी पोरगी ईल, तुम्ही तर माझ्याच वयाच्या निघाला की. तीन ते पाच मी बसायचं, तेवढ्यात ती वैरण कापून आणणार. जाताना सांगून गेली, आयला समदं कळतंय, फकस्त बोलता येत न्हाय. डाक्टर म्हणलाय एखादा शब्द फुटंल. एकदा आक्के म्हणून हाक मारली की बास, मग जलमभर न्हाय बोलली तरी चालंल.

मी पेपर वाचून दाखवला. शालूबाई डाव्या हातानं पदराचा काठ चाचपत ऐकत होत्या. उजवा हात उशीवर ठेवलेला, तळवा वर, कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. पाचला आक्काताई आली, तेव्हा त्यांनी तिच्याकडं बघून 'आ' असा आवाज काढला. ती भारा टाकून वाकली. पुढं काही आलं नाही. पण तो 'आ' दिवसेंदिवस लांबतोय म्हणे.

कॉलेजच्या फॉर्ममध्ये रकाना आहे, आज आत्मसात केलेले कौशल्य. मी लिहिलं, शांत बसणे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शालूबाईंच्या डाव्या तळव्यावर तिळगुळाची एक वडी ठेवली. त्यांनी ती मुठीत धरून ठेवली, पार चिकट होईपर्यंत. आक्काताई म्हणाली, गोड बोला म्हणून सांगतायसा व्हय मुकीला, आणि स्वतःच पोटभर हसली. मग डोळे पुसले.

तिनं भाकरी, वांग्याची भाजी बांधून दिली. दोन्ही हात भरलेले, चपला पायात सरकवत होते, आणि तोंडातून गेलं, येते हं.

स्कूटीपाशी आल्यावर अक्षताचं बोलणं आठवलं. परत वळून बघितलं तर शालूबाई दाराकडं बघत होत्या.

हा शब्द मी सतरा महिने उच्चारला नव्हता. शेवटचा मोनाला म्हटला होता, हॉस्पिटलात. डेंग्यूचा ताप होता आणि तिला एसीची थंडी वाजत होती. आयुडे, माझी निळी चादर आण गं, म्हणाली. चादर नणंदेच्या घरी होती, शाहूपुरीत. मी म्हटलं, अर्ध्या तासात येते. ती चार वाजून दहा मिनिटांनी गेली. मी पाचला पोचले, चादर घेऊन. तेव्हापासून मी घरातून नुसती निघते. काही म्हणत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

हे नीट लिहायला हवं.

आक्काताई रानात गेली होती. मी वाचत होते. शालूबाईंना हुडहुडी भरली, म्हणून पांघरूण ओढायला वाकले. त्यांचे ओठ हलले. आवाज जाड नव्हता, म्हातारा नव्हता.

आयुडे, चादर आणलीस?

मी घड्याळ बघितलं. का बघितलं, कुणास ठाऊक. चार दहा.

नंतर शालूबाई नेहमीसारख्या पडून होत्या. डोळ्यांच्या कडेनं पाणी गळत होतं. पाचला आक्काताई आली. आज त्यांनी 'आ' म्हटलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

मला भास झाला असेल, असं चार दिवस स्वतःला सांगितलं. आयुडे हे मोनानं केलेलं नाव. ते त्या घरात कुणाला माहीत नाही, विजयसिंहांनाही मी नव्यानं सांगायला हवं इतकं ते आमच्या दोघींतलं.

आज पुन्हा. चार दहा. किती वेळ लावलास, म्हणाली. रागावून नाही. क्लास सुटल्यावर मी रिक्षा थांब्यावर उशिरा पोचायचे तेव्हा म्हणायची तसंच.

मी म्हटलं, आले गं.

भीती वाटायला हवी होती. मी त्या वाळक्या गालावर गाल ठेवून बसले. गाल बर्फासारखा होता.

२४ जानेवारी, शुक्रवार

निळी चादर विजयसिंहांकडून मागवून घेतली. कशाला हवी, त्यांनी विचारलं नाही. चारला शालूबाईंच्या अंगावर घातली. ती म्हणाली, ऊब आली. मग म्हणाली, हात धर. मी डावा हात धरला. तो नको, म्हणाली.

उजव्या हातानं माझं मनगट धरलं. जो हात दीड वर्ष हलला नाही, त्यानं.

कौशल्याच्या रकान्यात लिहिलं, ऐकणे.

३१ जानेवारी, शुक्रवार

आता मी रोज जाते. फॉर्मवर मंगळवार, शुक्रवारच लिहिते. आक्काताईला वाटतं मी फार भली आहे. गावात सांगत असते, कालेजवाली ताई सख्ख्या भणीवानी येती.

शालूबाई वाळत चालल्यात. घास गालात धरून ठेवतात. आक्काताई म्हणाली, दिवाळीपासनं किती सुधारली होती ओ, आता माझ्याकडं बघत बी न्हाय. दारात कोण येतंय तेच बघतीया. मी काय चुकले का, ताई?

मी मान खाली घातली. तिच्या आईच्या तोंडी जेवढा आवाज उरला आहे, तो माझ्यासाठी खर्च होतोय. मला हे समजतं. उद्याही मी जाणार आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ती म्हणाली, झोप झाली?

मी म्हटलं, कसली झोप?

म्हणाली, आत्याच्या सोफ्यावर. चादर मांडीवर घेऊन.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. रस्त्यात गर्दी होती, असंच सगळ्यांना सांगितलं. दोन रात्री जागून झाल्या होत्या, नणंद कामावर गेली होती, घर गार होतं, मी फक्त दोन मिनिटं टेकले. जाग आली तेव्हा फोनवर नर्सचे सात कॉल—

मी रडले. उजव्या मनगटावर पाच बोटं निळी उमटली आहेत, कोपराच्या दिशेनं गारठा चढतोय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फार वाईट केलं आज मी.

चार दहाला आवाज जरा मोठा निघाला. आक्काताई रानातून लवकर आली होती. खुरपं हातात घेऊन तशीच आत पळत आली. आय बोलली? आय बोलली व्हय? शालूबाईंचं तोंड मिटलेलं. आक्काताई माझे खांदे धरून विचारत राहिली, काय म्हणली, सांगा की ताई, काय म्हणली माझी आय.

मी म्हटलं, आक्के म्हणाल्या.

ती खाली बसली. मग आईचे पाय धरून लहान पोरीसारखी हुंदके देत राहिली. मला तांब्याभर दूध दिलं, शेजारी पेढे वाटले. शालूबाई सगळं बघत होत्या. त्यांना समदं कळतं.

वीस तास पूर्ण. अक्षतानं सही केली आणि म्हणाली, आता शालूबाईंकडं जाणं थांबवा, दुसरं घर देते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचजणांत माझं नाव आलं. कंपनीची माणसं पुढं बसलेली. चार दहाला माझा उजवा हात माइकवरून गळून पडला. काय बोलले, आठवत नाही. टाळ्या झाल्या. एका बाईंनी कार्ड दिलं. मोनानं हेच कार्ड जपून ठेवलं असतं.

बाहेर आले तर आक्काताईचा फोन. आय दाराकडं बघून तळमळतीया, पाणी बी घेत न्हाय. डाक्टर म्हणाला, आठवडा काढंल. मग हळू आवाजात म्हणाली, तुम्ही तरी तिची हाक ऐकलीसा ताई. माझ्या कानांनी एकदा ऐकायचं राहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मी येते म्हटलं, म्हणून मोना थांबली आहे. दुसऱ्याच्या आईच्या अंगात, थंडीत. जो परत भेटायचा आहे त्याला आपण जाते म्हणत नाही. मला ते म्हणावं लागेल. एकदाच. मग ती सुटेल, शालूबाई सुटतील.

माझं काय, ते लिहायचं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

म्हटलं.

चार दहाला तिनं विचारलं, येतेस ना? मी तिचे केस सारखे केले— शालूबाईंचे पांढरे केस— आणि म्हटलं, मोना, मी जाते.

पकड सुटली. एकेक बोट. शेवटी करंगळी.

आक्काताई दारात होती. शालूबाईंनी मान वळवली. जाड, घोगरा, म्हातारा आवाज. आक्के.

आक्काताई उभीच राहिली. मग म्हणाली, व्हय आय. हाय म्या. हितंच हाय.

मी निघाले. कुणाला काही न म्हणता. निळी चादर तिथंच राहिली, शालूबाईंच्या अंगावर.

१९ फेब्रुवारी

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वाकडं येतंय. उजवा उशीवर आहे, तळवा वर.

अक्षताचा फोन होता. शालूबाई पहाटे गेल्या, आक्काताईच्या मांडीवर, दहा वेळा हाक मारून. मला बरं वाटलं हे सांगायला तोंड उघडलं, तर नुसता 'आ'—

फोन ठेवला.

चादर माझ्या पलंगावर आहे. घडी घातलेली. दाराला आतून कडी.

२० फेब्रुवारी

विजयसिंह निघालेत. त्यांनी फोनवर विचारलं, कशी आहेस. मी नाही बोलले. माझ्या तोंडून ती बोलली. बाबा, म्हणाली. मग ते रडायला लागले—

तू जाते म्हणालीस, म्हणून मीच आले, म्हणते. रागावलेली नाही. थंडी फार—

२१

चार वाजलेत. चादरीत दोघी. ऊब नाही येत

म्हणते दमलीस, टेक जरा. मी आहे ना इथं. मी म्हटलं बरं. दोन मिनिटं. अर्धा तास फक्त. मग ये