ऋतुजाच्या बोटावरची हळद

वारजे, ४ सप्टेंबर २००८

चि. भाग्यश्रीस आजीचा आशीर्वाद.

फोन करू नकोस, इथं फोन वाजला की सगळे कान लावून बसतात. तुझ्या हिंदुरावकाकाच्या लेकीचं, ऋतुजाचं रक्त तू दिलेल्या कागदी पट्टीवर घेतलं, सावलीत वाळवून सोबत धाडलंय. पोर सहा वर्षांची, अंगानं माझ्याएवढी. जेवून उठते आणि परत टोपलीकडे बघते. हिंदुराव म्हणतो, त्याची मेलेली बहीण, माझी शालन, हिच्या अंगात आलीय. शालनही अशीच खायची. तुझी चहाच्या किमतीची पट्टी काय म्हणते, ते कळव.

लोभ आहे तेवढा पुरे.
तुळजाबाई

बंगळुरू, ११ सप्टेंबर

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

पोट भरल्याचा निरोप चरबीतून मेंदूकडे नेणारं एक द्रव्य रक्तात असतं. ते जेवढं, तेवढा करंट पट्टीतून येतो, आणि आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र त्याचा आकडा दाखवतं. मला वाटलं होतं, ऋतुजात ते नसेलच. पण आकडा चांगला आला. म्हणजे तो आजार नाही. मग काय, ते मलाही सांगता येत नाही. मिश्री कमी केलीस का? खोटं लिहू नकोस.

रागावलीस तरी पत्र धाड.
भाग्यश्री

वारजे, १७ सप्टेंबर

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र हिंदुरावानं भरल्या घरात वाचून दाखवलं. आजार नाही असं यंत्रच म्हणतं, म्हणजे शालनच, हे त्याचं ठरलं. सर्वपित्रीला पोरीला देवऋषाकडे ठेवणार. शालन निघेस्तोवर अन्न बंद, नुसतं पाणी.

परवा पोर ओट्याशी पाठमोरी बसून खात होती. माझ्या तोंडून शालन अशी हाक गेली. तिनं ओ दिली. मी भीत नाही, पण तेव्हापासून ओट्याकडे पाठ करून बसत नाही.

रक्त घेताना माझं चुकलं म्हणशील, तर बोट धुऊन, हळद चोळून मगच सुई टोचली. तेवढं आम्हाला कळतं.

आठवण ठेव, पत्राचं उत्तर लवकर दे.
आजी

बंगळुरू, २२ सप्टेंबर

ती. आजीस नमस्कार.

हळदच नडली. मी नुसतं हळदीचं पाणी पट्टीवर टाकलं, जवळपास तेवढाच आकडा आला. पट्टी पिवळट दिसत होती, तरी मी विचारलं नाही. मागचं पत्र फाडून टाक. माझ्याबरोबर काम करणारा तेजस खडकीला घरी येतोय, तो शनिवारी यंत्र घेऊन वारज्याला येईल. तोवर काकाला अडव. कसं, ते तुला शिकवायला नको.

तुझ्या शिव्यांच्या प्रतीक्षेत,
भाग्यश्री

वारजे, ३० सप्टेंबर

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

तेजस आला. पोरगा बरा आहे, चहा मात्र बशीत ओतून पितो. हिंदुरावानं आधी आपलंच बोट पुढं केलं, त्याचा आकडा आला. पोरीचं बोट साबणानं धुऊन घेतलं, काहीच आलं नाही. परत केलं, परत काही नाही. हिंदुरावानं विचारलं, म्हणजे हिला पोट भरल्याचं कळतच नाही का. तेजस म्हणाला, "काका, ती जेवून उठते तेव्हाही उपाशीच असते."

काल सर्वपित्रीला तिला देवऋषाकडे नाही, मोठ्या दवाखान्यात नेली. तिथंही रक्त घेतलं. ते द्रव्य सुईनं देता येतं, पण परदेशातून मागवावं लागेल म्हणतात. आता कुणी तिला शालन म्हणायचं नाही, असं मी घरात बजावलंय.

शालन तापात भाकरी मागत गेली. वैद्य म्हणाले होते, देऊ नका. तिचीही पट्टी कोरीच आली असती का, हे आता कुणाला सांगता येत नसेल. तुला येत असलं, तरी लिहू नकोस.

तुझी आजी
तुळजाबाई