सोकावलेली अस्वलीण

प्रिय दिनू,

तुझं वर्षश्राद्ध होईपर्यंत तुला एक शब्द वाकडा बोलायचा नाही, असं ठरवलं होतं. पण आज इस्पितळात फुलबाईला बघून आले आणि राहवलं नाही.

तुझ्या अस्वलिणीने तिला फाडलंय रे. डावा गाल गेला, डोळा गेला. हीच ती फुलबाई, जिच्या अंगणात दर रविवारी जंगलातून परतताना तू चहा प्यायचास.

अस्वल दिसल्यावर पळाली का नाहीस, असं मी तिला विचारलं. पट्ट्यांतून ती हळू म्हणाली, "भैया के भालू आय दीदी, तेखर सेती नइ भागेंव." भैयाचं अस्वल, म्हणून पळाली नाही! मग तिनेच मला गुळाचं सांगितलं.

गूळ, दिनू? तू? अस्वलांना बिस्किटं टाकणाऱ्या सहलीवाल्यांशी हमरीतुमरीवर येणारा तू? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि गोल बाजारातून तो गूळ मीच आणून द्यायची. गावातल्या पोरांना आवडतो म्हणायचास.

तुझं कारण मला ठाऊक आहे. थंडी सरली की अस्वलिणी पिल्लं घेऊन गुहेबाहेर पडतात आणि सुट्टी मिळाली की तू त्यांच्या मागावर. जेवता जेवता मला सांगायचास, "ताई, पिल्लं पाठीवर बसून राह्यते न, मातीत मायचेच पाय उमटते. किती हायेत, कसं समजन?" ते समजावं म्हणून खडकावर गूळ ठेवलास. ती थांबली, पिल्लं खाली उतरली, तू मोजलीस. तुझा आकडा बघून वनखात्याने पाठ थोपटली. ठीक आहे. पण पुढच्या वर्षी काहून ठेवलास? त्याच्या पुढच्या वर्षी? तेव्हा मोजणी राहिली बाजूला. तुझी मोटारसायकल ऐकून ती धावत यायची, त्याची चटक तिच्याआधी तुला लागली होती.

आईने जन्मभर अस्वलांचा धसका घेतला आणि तुला नेलं उरला औद्योगिक वसाहतीतल्या ट्रकने, तुझ्या कारखान्याच्या फाटकासमोर. आपलं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून त्या रस्त्यावर ट्रक कुठे मावतात! मी ड्रायव्हरवर चिडले, तुझ्या मालकावर चिडले. तुझ्यावर चिडायचं तेवढं राहून गेलं होतं.

आता मोटारसायकल कोणाचीही असो, ती झाडीतून बाहेर येते. फुलबाईला नवऱ्याने मोहफुलं वेचायला गाडीवरून मोहाच्या झाडाखाली सोडलं आणि तो निघून गेला. ही आली, पाठीवर दोन पिल्लं. टोपली हुंगली, गूळ नव्हता. फुलबाई मात्र ओळखीची असल्यासारखी उभीच राहिली. पिल्लांच्या इतक्या जवळ माणूस उभा राहिल्यावर कोणती आई गप्प बसेल?

आता गावकरी लाठ्या घेऊन बसलेत. वनखात्याचे साहेब म्हणतात, पुन्हा माणसांजवळ आली तर तिला पिंजरा आणि पिल्लं वेगळी. आपण गेल्यावर हिचं काय, हा विचार तुझ्या मनात एकदाही आला नाही? तू काय अमरपट्टा घेऊन आला होतास?

मी शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यातली शाळामास्तरीण. मला जंगलातलं काय कळतं! पण साहेबांच्या हातापाया पडून मी एक संधी मागून घेतली आहे आणि तुला वचन देते. येत्या रविवारी त्यांच्या जीपमधून मी जाणार. तुझीच मोटारसायकल तिथे चालू करून ठेवू. ती आली की फटाके, डबे, थाळ्या, असा गोंगाट करू की पिल्लांना पाठीवर घेऊन तिने पळत सुटावं. पुन्हा आली तर पुन्हा. मला रडू येईल, येऊ दे, पण थाळी बडवणं मी थांबवणार नाही. तुझी गाडी ऐकली की तिला धडकीच भरली पाहिजे. तुझी वाट बघणं मी तिला सोडायला लावीन.

वाट बघायला घरात आई आहे. तेवढी पुरे.

अजून रागातच असलेली,
तुझी ताई