कांचनचा राजीनामा

ओरछा गेट, झाँसी
४ ऑगस्ट १९८३

तीर्थरूप कुसुमावतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मेतकूट पोचलं. पुडी वाटेत फुटली, त्यामुळे पत्रालाही चव आली आहे.

तुझी भाची, आमची कांचन, रेल्वेत नेमकं करते काय, असं विचारतेस. हुद्दा कारकुनाचा, काम बास्केटबॉलचं. नेमणूक एका वर्षाची. खेळ पटला तर कायम, नाहीतर घरी. आता खेळ ऐक. आपली पाच फूट अकरा इंच कन्या टोपलीखाली उभी राहते आणि समोरचीने फेकलेला चेंडू हवेतच थोपवून परत पाठवते. कॉलेजात यावर फार टाळ्या मिळाल्या. मात्र स्वतः टोपलीत टाकायची वेळ आली की चेंडू भलतीकडे जातो. व्याकरणाच्या भाषेत ती निव्वळ नञ् आहे. दुसऱ्याच्या अर्थाला नकार, स्वतःचा अर्थ शून्य. नकारावर जन्मभर पगार कोण देणार, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली की बाबाही परीक्षक म्हणून पोरांना अडवण्याचाच पगार घेतात. मी वर्तमानपत्र उघडलं.

गेल्या आठवड्यात ती रजेवर आली होती. मी बी.एड.चा अर्ज आणून ठेवला होता. चार दिवस घरात अबोला. मग तिची आई मधे पडली आणि परवा राजीनामा झाला, रीतसर कागदावर, आम्हा बापलेकीच्या सह्यांनिशी. काल ती पंजाब मेलने मुंबईला गेली. घर शांत आहे. जरा जास्तच.

माझ्यावरचा राग कमी करून तेवढी माया वाढवावी.

तुझा
हरी


सातारा
११ ऑगस्ट १९८३

चि. हरिभाऊ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली परात ठेवून ओट्यापाशीच खाली बसले. राजीनामा? एकवीस वर्षांच्या पोरीने सरकारी नोकरी सोडली, आणि तू असं लिहितोस जसं काही दूध नासलं! यांना दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, दोघांच्या सह्या म्हणजे हरीनेच दडपण आणलं असणार.

तुझं नञ्-बिञ् मला समजत नाही. पण दाराशी दांडगं कुत्रं असलं की चोर आळीत शिरत नाही, आणि न आलेल्या चोरांची नोंद कोणी ठेवत नाही. भाचीला कुत्रं म्हटलं म्हणून रुसू नकोस. तू तर तिला शून्य म्हणालास.

राहवेना म्हणून कालच कांचनला वसतिगृहाच्या पत्त्यावर लिहिलं, की बाबाने तुला नोकरी सोडायला लावल्याचं त्याच्याच पत्रातून कळलं; कागद वर गेला नसेल तर मागे घे.

जीव आहे म्हणून बोलते, एवढं समजून असावं.

तुझी
ताई


मुंबई
१७ ऑगस्ट १९८३

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आत्याची चिट्ठी मी तीनदा वाचली. आपलं तर ठरलं होतं, एक वर्ष खेळायचं, कायम नाही झालं तर बी.एड. लिहून दोघांनी दस्तखत केले होते. मग तुम्ही माझ्या पाठीमागे माझा इस्तीफा पाठवला?

मी सराव सोडून ऑफिसात धावले आणि सगळ्यांच्या समोर विचारलं, माझ्या नावाचा इस्तीफा आला का. तिथल्या कारकून बाबूजींनी माझी फाईल काढली. काही नव्हतं. सगळे हसले.

आमच्या प्रशिक्षक विजयालक्ष्मी मॅडमनी विचारलं, घरून असा कागद येईल असं तुला वाटलंच कसं. मी म्हटलं, बाबांनाच विचारते. मग त्यांनी सांगितलं की पुढच्या शनिवारच्या सामन्यात मी पहिल्या पाचात आहे. त्या म्हणतात, मला बघून समोरच्या मुली टोपलीजवळ यायचंच सोडतात, लांबून फेकतात आणि चुकतात. हे गुणफलकावर नाही दिसत, पण त्यांना दिसतं. तरी कायम करतील की नाही, कोणी सांगत नाही.

आता एकच खरं सांगा, बाबा. असा कागद तुम्ही कधी लिहिला होता का?

आईला नमस्कार. उत्तर येईपर्यंत आहे तेवढं प्रेम तसंच राहू द्या.

तुमची
कांचन


झाँसी
२२ ऑगस्ट १९८३

चि. कांचन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी माझी फजिती. इथल्या कोर्टकचेरीत दोन पक्ष भांडण मिटवून लिहून देतात, त्याला राजीनामा म्हणतात. आपल्या कागदाला मी तोच शब्द लावला. साताऱ्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, म्हणजेच तू ज्याला इस्तीफा म्हणतेस ते. हे मला लहानपणापासून ठाऊक. तीस वर्षं झाँसीचं पाणी पिऊन विसरलो. तुझ्या मराठीला लाल शाईने खुणा करणारा तो मीच. ताईला तार केली आहे.

तुझी आई म्हणाली, पत्र इथेच संपवा. पण तू प्रश्न विचारला आहेस.

हो, लिहिला होता. जूनमध्ये, तू रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, तुझ्या नावाने, तुझी सही करून. सही हुबेहूब जमली, हे लिहायला लाज वाटते. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, नगरा भागातल्या पोस्टात गेलो. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी ओळखलंच. पंडितजी, बिटिया कैसी है, असं त्यांनी विचारलं, आणि मी अगदी अभिमानाने सांगत बसलो. पाकीट खिशातच राहिलं. टाकलं नाही, पण फाडलंही नाही.

तुझ्या खेळावर भरवसा नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. भरवसा होता. तू तिथे टिकलीस तर या घरी परत राहायला येणार नाहीस, याची धास्ती होती.

तो कागद सोबत आहे. शनिवारच्या आत पोचावा म्हणून आजच टाकतो आहे. फाड, नाहीतर मॅडमना दाखव. दोन्ही मला कबूल.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. आज मागत नाही. असला तर कळव.

तुझा
बाबा