सहानुभूतीपूर्वक विचार

५ ऑक्टोबर १९३६, लँगथॉर्न कोर्ट

पोहोचलो बुवा एकदाचा! गाडीत खिडकीची जागा मिळाली, हेरफर्डच्या पुढे दोन्ही अंगांना लाल सफरचंदांनी वाकलेल्या बागा, आणि स्टेशनावर चक्क मोटार. लेडी थॅकवुड स्वतः दारात आल्या. त्यांचे यजमान सर लायनेल महायुद्ध संपल्यापासून मरेपर्यंत साम्राज्याच्या आणि परराष्ट्रांच्या कारभारात होते. त्यांचा सारा पत्रव्यवहार लावून, तपासून छपाईजोगा करायचा आहे. पुस्तकावर नाव लागेल: संपादक, हर्बर्ट ऑलरॉइड. बॅटलीच्या छापखान्यात मुद्रितं तपासत उभा जन्म काढलेल्या, वाचनालयाच्या बाकावर फ्रेंच शिकलेल्या माणसाचं नाव! मला कुणी शिकवलं नाही. मी शिकलो.

बाईसाहेब ‘मिस्टर’ गाळून नुसतं ‘ऑलरॉइड’ म्हणतात. खटकलं, पण सोडून दिलं. घर सांभाळणाऱ्या मिसेस प्रोबर्ट तोंडाळ आहेत. माझी पुस्तकांची पेटी उचलताना म्हणाल्या, अहो, हिच्यात विटा आहेत का? आधीच्या दोघा विद्वानांनी आठवड्यात गाशा गुंडाळला, तुम्ही निदान माझा प्लमचा मुरंबा संपेपर्यंत तरी टिका.

८ ऑक्टोबर

साहेबांची पद्धत कळली. राजदूत, गव्हर्नर वगैरे बरोबरीच्या माणसांची पत्रं एका कपाटात. त्यांना साहेबांनी स्वहस्ते लिहिलेली उत्तरं. काय भाषा! धार आहे, पण ओरखडा नाही. दुसऱ्या कपाटात अर्जदार: कुठली कुठली बेटं, खोरी, बंदरं. या पत्रांचा वरचा उजवा कोपरा अंगठ्याने दुमडलेला. दुमड म्हणजे होही नाही, नाहीही नाही, पडू द्या. अशा प्रत्येकाला एकच उत्तर जाई: ‘आपले पत्र पावले. विषयाचा सहानुभूतीपूर्वक विचार चालू आहे.’ वाक्य निर्दोष आहे. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

टाचण्या गंजल्यात. एकेक काढून कागदाखाली टिपकागद घालतो.

१२ ऑक्टोबर

हेट्टीचं पत्र. माझी थोरली बहीण. गिरणीत चिंध्या पिंजून तिची छाती गेली, आणि त्याच मजुरीतून माझ्या दिव्याचं तेल आलं. डॉक्टर म्हणतात महिनाअखेरीच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वाचेल. ही त्यांना म्हणाली, आधी माझा भाऊ येईल, मग तुमची सुरी. मला लिहिते, ‘बर्ट, भूल चढेपर्यंत हात धरून बस, मग जा परत तुझ्या लाटसाहेबांकडे. तू आल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही. हट्टी म्हण नाहीतर भित्री म्हण. येतोस ना? हो किंवा नाही, तेवढं कळव, म्हणजे मी केस धुऊन ठेवते.’

हसू आलं. जाणारच. मिसेस प्रोबर्टना सांगूनही टाकलं. बेरझान गावच्या अर्जांचा गठ्ठा हातावेगळा केला की उद्या कळवतो.

१६ ऑक्टोबर

बेरझान हे डोंगरातलं गाव. युद्धानंतर आपल्या फौजेने तिथे निशाण लावलं, रक्षणाचा शब्द दिला. पुढे परिषदेत नकाशावरची रेघ सरकली. तिथला योनान नावाचा मास्तर साहेबांना विचारतो: फौज जाणार आहे का? जाणार असेल तर सांगा, म्हणजे बर्फ पडायच्या आत पोरंबाळं घेऊन आम्ही खिंड उतरू. राहणार असेल तर घरं शाकारून घेऊ. रागावत नाही, मागत नाही, फक्त विचारतो. प्रत्येक पत्राचा कोपरा दुमडलेला. त्याच आठवड्यात साहेब राजदूत मित्राला लिहितात, ‘बेरझानचा मास्तर गोचिडासारखा चिकटला आहे. तितरांची शिकार मात्र यंदा झकास.’

शेवटचं पत्र दुसऱ्याच हाताचं. आता उत्तर पाठवू नये, वाचायला कुणी उरलं नाही, एवढंच.

बराच वेळ चष्मा पुसत बसलो. मग हेट्टीला लिहायला तिचं पत्र घेतलं. कोपरा दुमडलेला होता. मी तर दुमडला नव्हता.

२० ऑक्टोबर

तळघरातल्या स्वयंपाकघरात जेवून वर आलो तर अभ्यासिकेबाहेरच्या दगडी ओट्यावर माणसं बसलेली. ओले कोट. एका बाईच्या कुशीत गुंडाळलेलं मूल, एकाच्या बाहीला खडूची पूड. मला पाहून सगळी उठली, टोप्या काढल्या. कुळं असतील असं समजून मान हलवली नि आत गेलो. दार लावताना पाहिलं, ओटा रिकामा. दगड मात्र ओला.

मिसेस प्रोबर्टना विचारलं. बटाटे सोलता सोलता थांबल्या. म्हणाल्या, साहेबांच्या त्या खुर्चीत जो बसेल त्याच्याकडे येतात ती. काही करत नाहीत हो, नुसती वाट बघतात. तेच सोसत नाही. मग सुरी माझ्यावरच रोखून म्हणाल्या, मिस्टर ऑलरॉइड, तुमच्या बहिणीला उत्तर गेलं का? नाही ना? मग इथे काय उभे राहिलात!

२२ ऑक्टोबर

हेट्टीला लिहिलं: लगेच निघतो. शाई वाळल्यावर वाचलं. ‘आपले पत्र पावले. विषयाचा—’

माझी अक्षरं उभी असतात. ही उजवीकडे कललेली. आयुष्यभर अक्षरंच पाहिली मी, चूक होणार नाही. ही साहेबांची.

फाडलं. पुन्हा तेच. खाली धावलो; मिसेस प्रोबर्टना सांगायचं होतं की तार करा, मी येतोय. तोंडातून निघालं, राहू द्या, घाई नाही.

वर आलो तर टेबलावर लखोटा नाही. सकाळच्या टपालाने गेला म्हणतात. मी बंदही केला नव्हता.

२६ ऑक्टोबर

हेट्टीचं पत्र. ‘बर्ट, हे अक्षर कुणाचं रे? सहानुभूतीपूर्वक म्हणजे काय, येतोस की नाही? डॉक्टर येऊन गेले, मी परत पाठवलं. म्हटलं, भाऊ वाटेत असेल. केस धुतलेत. रागावले नाही मी, फक्त विचारते.’

फक्त विचारते.

अंगठा कोपऱ्याकडे जातो आहे. डाव्या हाताने धरून ठेवला.

२७ ऑक्टोबर

बॅग भरली. निघालो. ओट्यावर सगळी उभी राहिली. वाट कुणी अडवली नाही— नुसती आशेने पाहत होती. मास्तर एक पाऊल पुढे आला. मी— मी त्याला म्हणालो, विचार चालू आहे.

आणि वळून खुर्चीत येऊन बसलो. बॅग कुठे ठेवली आठवत नाही.

मिसेस प्रोबर्ट दारातून ओढत होत्या. रडत होत्या. उठा हो, उठा. पाय उठत नाहीत.

३० ऑक्टोबर

तार. हेट्टीच्या शेजारणीची.

पहाटे गेली. डॉक्टरला शिवू दिलं नाही. पलंगापाशी खुर्ची मांडून ठेवली होती, कुणाला बसू देत नव्हती.

तार माझ्या हातात आहे. कोपरा—

३१ ऑक्टोबर

दार उघडं ठेवलंय. ओटा दिसतो. माणसं दाटीवाटीने सरकली, कुणासाठी तरी जागा केली.

हिरवा कोट. केस धुतलेले, ओले.

मी मान वर केली तशी ती उठली. इतरांसारखीच. ओळख नाही डोळ्यांत— साहेबाकडे बघावं तशी—

आत आली. टेबलाशी उभी आहे. हळू विचारते, साहेब, माझा भाऊ येणार का हो?

हेट्टी, मीच. तोंड उघडत नाही. हात अजून थोडा माझा आहे. हो लिहितो. एवढा एकच शब्द. हेट्टी, बघ, ह—