शेडमध्ये लपवलेलं तुमचं हेड

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं आणि मी आत्ता लिहायला बसलेय. आधी का नाही लिहिलं? कारण आधी लिहिलं असतं तर खोटंच लिहिलं असतं.

परवा रविवारी तुमच्या हातचं हेड गाडीच्या इंजिनाला बसवलं. हो, परवा. तुम्ही इथे असताना जे बसवलं होतं, ते तुमचं नव्हतं. हे तुम्हाला कळलं होतं, आणि कळलंय हे मलाही कळलं होतं. तरी आपण सासरे-सून त्यावर एक अक्षर बोललो नाही.

सगळं पहिल्यापासून सांगते. मध्येच सुरुवात केली की मी स्वतःला सोयीचं तेवढंच सांगते, ते तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही सांगलीहून आमच्याकडे आयर्लंडात वॉटरफोर्डला तीन महिने राहायला आलात, तेव्हा मी ती पन्नास वर्षांची छोटी लाल गाडी नुकतीच घेतली होती. "आयुष्यभर बाबांच्या कपड्यांना ऑइलचा वास, आता बायकोच्याही," असं अभिजित म्हणाला होता. तुम्ही मात्र सामान दारात ठेवून आधी शेडमध्ये गेलात. इंजिन चालू करायला लावलंत, डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "हिला दमा झालाय."

माझ्याकडे यादी तयार होती. मोठा कार्बोरेटर, नवा कॅमशाफ्ट, रेसिंगचा सायलेन्सर. तुम्ही ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलीत आणि घडी घालून मला परत दिलीत. "ह्यातलं काय बी घ्यायचं न्हाई. कारखान्यातनं आली तवा हिच्यात जी ताकद होती, त्यातली अर्धी कुठं गेली ते आधी शोधू. मग नवी मागू."

आणि शोधलीत की! प्लग साफ केलेत, टायमिंग लावलंत, कार्बोरेटर खोलून जेट फुंकून काढलेत. एवढ्यातच गाडी निम्मी सुधारली. मग हेड काढलंत. "हेड म्हंजे इंजिनाचं नाक. नाक चोंदलं तर माणूस चढ चढंल का?" तीन आठवडे कानटोपी घालून तुम्ही गोल कानशीने ते नाक मोकळं करत होतात. व्हॉल्व्ह बसवायची काठी दोन्ही तळव्यांत धरून रवी घुमवावी तशी घुमवत होतात. व्हॉल्व्ह गळतात का बघायला रॉकेल हवं होतं. इथे घर गरम करायला रॉकेलच जाळतात, मागे टाकी भरलेली असते, हे कळल्यावर तुम्हाला किती हसू आलं होतं! कपभर काढून आणलंत आणि म्हणालात, "रेशनची रांग न्हाई, काय न्हाई. राजे लोक हायसा तुम्ही."

शेवटी हेडच्या कोपऱ्यावर पंचने तीन ठिपके मारलेत. तुमच्या गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इंजिनावर मारायचात तसे. मी विचारलं, ही सही का? तुम्ही म्हणालात, "सही कशाची. परत आलं तर आपलं पाप आपल्याला ओळखू यावं म्हणून."

आता माझं पाप.

मी मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजते, नाकारते. त्या रात्री तुम्ही झोपल्यावर मी टॉर्च लावून तुमचं हेड पाहिलं. आत कानशीच्या रेघा दिसत होत्या. व्हिडिओंमध्ये बघितलेली हेडं आतून आरशासारखी चमकत होती, आणि हे खरबरीत. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात थरथरला. असंच वाटलं, अण्णा, याच शब्दांत. दोन आठवड्यांनी जुन्या गाड्यांच्या क्लबची भेट होती, तिथे लोक खोलून बघतील, विचारतील, या विचाराने मला लाज वाटली. तुमच्या कामाची लाज!

तुम्ही तर आधीच सांगितलं होतं. "पेट्रोल आत येतंय ती वाट चकचकीत करायची नसती. भिंत गुळगुळीत झाली की पेट्रोल तिथंच थेंब धरतंय, हवेत मिसळत न्हाई." मी मान हलवली होती. इंजिनियर आहे ना मी, मान हलवायचं शिक्षण चांगलं झालंय.

मी इंग्लंडहून तयार हेड मागवलं. अभिजितने तुम्हाला चार दिवस ॲडम्सटाउनला त्याच्या मित्राकडे नेलं, तेवढ्यात ते क्लबमधल्या डेक्लनच्या मदतीने बसवून टाकलं. तुमचं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून शेडमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, रंगाच्या डब्यांमागे ठेवलं. डेक्लन आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्याने तुमचं हेड उचलून, आत बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "यात काय वाईट आहे?" मी म्हटलं, नवीन असलेलं बरं. तो म्हणाला, "ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे काहीही असतं. त्या दिवशी ते ग्रँड नव्हतं.

तुम्ही परत आलात आणि गाडी जोडलेली बघून थोडे हिरमुसलात. "थांबली असतीस तर आपल्या हातानं आवळलं असतं," एवढंच म्हणालात. तेव्हा सांगता आलं असतं ना? दार उघडंच होतं. मी म्हटलं, "तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं."

मग आपण कमेरा डोंगरांकडे गेलो. गाडी छान चढली, पण शेवटच्या वळणावर मला गिअर खाली टाकावा लागला. तरी तुम्ही वर पोचल्यावर सांगलीला आईंना व्हिडिओ कॉल लावलात. "बघ, माझं हेड आयर्लंडात पळतंय." मागे वारा एवढा होता की आईंना फक्त तुमची कानटोपी दिसत होती. मी शेजारी उभी राहून हसत होते.

पण त्या वळणाने तुमची झोप उडवली. जेवताना मध्येच थांबायचात. "शेवटाला दम का तोडतीय? माझंच कुठंतरी चुकलं." दोन आठवडे तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत होतात, आणि मी पोळी वाढत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर फ्लडलाइट होते.

निघायच्या आठवडाभर आधी मी ड्यूटीवर असताना तुम्ही एकट्याने टॅपेट बघायला इंजिन उघडलंत. तीन ठिपके जिथे असायला हवे होते तिथे नव्हते. संध्याकाळी मी आले तेव्हा तुम्ही सिंकवर हात धूत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "टॅपेट ठीक हायत. हेड बी चांगलं हाय. ज्यानं केलंय, नीट केलंय."

मी काय म्हटलं, आठवतंय? "चहा टाकू का?"

तुम्ही म्हणालात, "टाक की." आणि प्यायलात. विमानतळावर माझ्या डोक्यावर हात ठेवलात. घरी गेल्यावर दर रविवारी गाडीची चौकशी केलीत. मला वाटायचं, कधीतरी फोनवर विषय काढतील, मग मी रडून माफी मागेन. म्हणजे सुरुवातही तुम्हीच करायची! दहा महिन्यांनी तुमचं हृदय थांबलं. माफी मागायची तशीच राहिली.

तुमच्या तेराव्याला सांगलीत आई प्रत्येकाला सांगत होत्या, "शेवटचं काम सुनेच्या गाडीला केलं त्यांनी. लई अभिमान होता. मरेपर्यंत सांगायचे, सुनेनं माझ्या हातचं लावलं म्हणून." अण्णा, मरेपर्यंत? कळल्यानंतरही? गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण गाडीबद्दल खोटं बोलणार नाही, असा तुमचा लौकिक. तो माझ्यासाठी मोडलात. मला वाचवायला तुम्ही आपल्या बायकोशी खोटं बोललात. मी तिथे पानं वाढत होते. भरल्या ताटावरून तशीच उठले, आणि लोक म्हणाले, सुनेचा किती जीव होता.

या हिवाळ्यात ते विकतचं हेड तडकलं. पांढरा धूर, पाणी संपतंय. नाइलाज म्हणून तुमचं काढलं. नाइलाज म्हणून, हेही लिहून ठेवते. डेक्लनने त्यात रॉकेल ओतलं, आम्ही चहा पिऊन आलो, तरी खाली थेंब नव्हता. त्याने हात पुसले. मग म्हणाला, "हे तू त्यांना दाखवायला हवं होतंस."

कमेरात गाडी शेवटच्या वळणावरूनही गिअर न बदलता वर गेली. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, अण्णा. कुठेच चुकलं नव्हतं. हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा एकच रस्ता होता आणि तो मी बंद केला.

सगळ्यात लाजिरवाणं तर पुढेच आहे. वर गाडी थांबवल्यावर मला आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, सुटले. आता गाडीत खरंच तुमचं हेड आहे, म्हणजे आई सांगतात ते खरं झालं. आता कुणाला काही सांगायची गरजच नाही. जुलैत आई येतायत, गाडीत बसायचंय म्हणाल्या, यांच्या हातचं काम ऐकायचंय. ऐकतील, डोळे पुसतील, मला जवळ घेतील. किती सोपं!

म्हणून हे पत्र. अभिजितला काल सांगितलं. तो उठून बाहेर गेला, तासाभराने आला, अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बरोबर आहे त्याचं.

आईंना मी गाडीत बसायच्या आधी सांगणार आहे. विकतचं आणलं तेही, तुम्ही दोन आठवडे स्वतःला दोष दिलात तेही, आणि तुम्ही त्यांच्याशी खोटं का बोललात तेही. त्यांना हेही कळू दे की तुमचं काम माझ्या शहाणपणापेक्षा सरस होतं. कदाचित त्या गाडीत बसणारच नाहीत. कदाचित तिकीट बदलून लवकर परत जातील. जाऊ देत. पण या वेळी मी चहा टाकू का म्हणणार नाही. त्यांच्यासमोर बसेन आणि त्या जे बोलतील ते सगळं ऐकेन. तुम्ही बोलायला हवं होतं ते सगळं.

तुमची सून,
शर्वरी