खेळाबाहेर काढलेला भाला

प्रिय भाचीबाई,

तीन शनिवार झाले, तू खेळायला आली नाहीस. तुझे काका मात्र दर वेळी तुझ्याही वाटणीचा चहा ओततात, मला टोचावं म्हणून. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर वाचून फाड. या शनिवारी तू येणार की नाही, एवढंच मला कळायला हवंय.

आधी माझी बाजू ऐक. आपल्या फाशांच्या खेळात गेम मास्टर मी आहे, म्हणजे गोष्ट रचणारी, शत्रूंच्या वतीने खेळणारी आणि निवाडा देणारी. कुणीही घरी बसून जादूचं शस्त्र बनवावं आणि मी ते डोळे झाकून खेळात घ्यावं, असं नाही चालत. दिवसभर मी लिफ्ट तपासते; आठ माणसांच्या लिफ्टमध्ये दहा माणसांचं वजन भरून बघितल्याशिवाय सही करत नाही. शस्त्राचंही तेच. फटका केवढा, किती वेळा, वर फुकटचं काय, हे बघायचं आणि मग ठरवायचं, साधं, दुर्मिळ की अतिदुर्मिळ; अतिदुर्मिळ म्हणजे खेळाबाहेर. आता आपल्यात खेळणाऱ्या दातांच्या डॉक्टरांची जळती तलवार मी 'साधी' म्हणून सोडली, आठ फाशांचा फटका असूनही, हे खरं. पण माझी दाढ त्यांच्या हातात होती गं! तोंडात यंत्र असताना कुणाला नाही म्हणता येतं?

तुझ्या भाल्याचं कार्ड वाचून तर मला हसूच आलं. फटका झाडूएवढा. वर एकच कलम: लढाईत एकदा शत्रूला प्रश्न विचारायचा, आणि खरं उत्तर दिल्याशिवाय त्याला वार करता येणार नाही. मी म्हटलं, घे बाई, साधंच आहे. आणि तू माझ्या ड्रॅगनला विचारलंस, तू ही गुहा का राखतोस?

चार महिने खपले होते मी त्या ड्रॅगनवर! शेपटीचे खवले मोजून लिहिले होते. गुहेतल्या ओलीचं वर्णन दीड पान. पण तो तिथे बसलाय कशाला, ते मेलं मला सुचलंच नव्हतं. मी वही चाळली, पाणी प्यायले, उगाच खोकले. ड्रॅगन आपला आ वासून उभा. डॉक्टर हसून हसून खुर्चीवरून घसरले आणि काकांनी ड्रॅगनला बिस्किट देऊ केलं. मग मी टेबलावर हात आपटून जाहीर केलं की भाला अतिदुर्मिळ आहे, खेळाबाहेर! तू फासे पिशवीत भरलेस आणि चप्पल घालतानाही मागे वळून बघितलं नाहीस.

नंतर मी एकटीने तो भाला शंभर लढायांत तपासला. ज्या शत्रूला उत्तर ठाऊक आहे, त्याच्यापुढे ती निव्वळ काठी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

आता मुद्द्याचं. मी जळले गं तुझ्यावर. फासा कसा टाकायचा ते तुला मी शिकवलं, आणि तुला जे सुचलं ते मला एवढ्या वर्षांत सुचलं नाही. त्या दिवशी 'शाब्बास' म्हणायचं होतं, तोंडातून 'बाद' निघालं. त्याची फार लाज वाटते. शनिवारी खेळ तू चालव. डॉक्टरांना आणि काकांना मी सांगून टाकलंय. मी साधी खेळाडू म्हणून बसेन, आणि माझ्या शस्त्राला तू बाद केलंस तरी चिडणार नाही. बरं, चिडेन, पण उठून जाणार नाही.

तुझीच,
हेकट आणि हरलेली
मावशी